क्विंटलभर कापसाचा उलटा हिशेब

दिवाळी आटोपली की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट, खामगाव इथल्या यार्डांत कापसाच्या गाड्यांची रांग लागते. संध्याकाळी गावात परतलेल्याला सगळे एकच विचारतात, "काय भाव निघाला?" तोच भाव का निघाला, हे कोणी विचारलंच तर "व्यापाऱ्यांनी संगनमत केलं" यावर बोलणं थांबतं. कधी कधी ते खरंही असतं. पण जिनिंगवाल्याच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखानदाराच्या, मनात कितीही असलं तरी एका आकड्याच्या वर तो जाऊ शकत नाही, आणि शेजारी दुसरी जिनिंग चालू असेल तर फार खालीही थांबू शकत नाही. तो आकडा कुठून येतो ते कळलं की विदर्भातला जिनिंग उद्योग कोणाशी झुंजतोय आणि कुठे कमी पडतोय हेही उलगडतं.

कापसाचा भाव सूतगिरणीच्या दारातून निघतो आणि मागे मागे मोजत शेतापर्यंत येतो. म्हणून हिशेबही उलटाच करायचा.

आधी मापं. जिनिंगमध्ये १०० किलो कापूस गेला की साधारण ३४ किलो रुई, म्हणजे मोकळा धागा, आणि ६४ किलो सरकी, म्हणजे बी, निघते. उरलेले दोन किलो म्हणजे घट: माती, पाचोळा, उडालेली धूळ, वाळून गेलेलं पाणी. रुईच्या टक्क्याला उतारा म्हणतात. रुई विकली जाते खंडीवर, आणि खंडी म्हणजे ३५५.६२ किलो. गाठ १७० किलोची, म्हणजे एका खंडीत दोन गाठी आणि वर थोडी रुई.

जगात रुईचा भाव बोलतात तो अमेरिकी सेंटमध्ये, एका पौंडाला. न्यूयॉर्कच्या 'आयसीई' बाजारातला वायदा, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा आज ठरणारा भाव, हा त्याचा मुख्य आधार. एका खंडीत ७८४ पौंड बसतात. आता समजण्यापुरते आकडे धरू. ते रोज बदलतात, रीत बदलत नाही. वायदा ६५ सेंट. त्यावर चांगल्या प्रतीचा फरक, जहाजभाडं, विमा मिळून १२ सेंट. म्हणजे परदेशी रुई भारताच्या बंदरात ७७ सेंटला पडली. ७८४ पौंडांचे झाले ६०४ डॉलर, आणि डॉलर ९० रुपये धरला तर खंडी सुमारे ५४,३०० रुपये, म्हणजे किलोला १५३. बंदरापासून गिरणीपर्यंतचा खर्च आणि विदर्भातून गिरणीपर्यंतचा ट्रकखर्च इथे सारखाच धरला आहे.

कोइम्बतूरच्या गिरणीला परदेशी रुई १५३ रुपयांत मिळत असेल, तर तशाच प्रतीच्या आपल्या रुईला ती त्याहून जास्त का देईल? म्हणून जिनिंगवाला कागदावर मांडतो: ३४ किलो रुई गुणिले १५३, म्हणजे ५,२०२. सरकी ३,४०० रुपये क्विंटल असेल तर ६४ किलोचे २,१७६. बेरीज ७,३७८. यातून वीज, मजुरी, प्रेसिंग, हमाली, बाजार सेस, दलाली, बँकेचं व्याज असे क्विंटलमागे ४०० वजा. राहिले ६,९७८ रुपये. हा त्याचा नफा न धरता देता येण्यासारखा सर्वांत वरचा भाव. वीस-पंचवीस लाखांचा माल अंगणात पडलेला असताना तो यात थोडी फट ठेवणारच, म्हणून प्रत्यक्ष बोली याच्या खाली राहते.

या हिशेबातला एकेक आकडा हलवून पाहिला की कशाचं वजन किती ते दिसतं. न्यूयॉर्कला भाव एक सेंटने चढला की आपल्या क्विंटलमागे ६५ ते ७० रुपये वाढतात. डॉलर एक रुपयाने महाग झाला की ५५ ते ६० रुपये. सरकी शंभराने वाढली की ६४ रुपये. आणि उतारा ३४ चा ३५ झाला, तर सरकीतला एक किलो रुईत गेला म्हणून सव्वाशेच्या आत-बाहेर. म्हणजे वाणाच्या आणि वेचणीच्या जोरावर एक टक्का उतारा वाढवणं हे न्यूयॉर्कचा वायदा पावणेदोन सेंटने चढण्याइतकं आहे. न्यूयॉर्क आपल्या हातात नाही, वाण आणि वेचणी आहे. गावात वाण निवडताना बोंडाच्या आकाराची चर्चा तासभर चालते, उताऱ्याचा विषय निघत नाही. ही चूक महागात पडते.

छत आणि तळ

देशातला भाव आणि जगातला भाव यांचं नातं एका खोलीसारखं समजा. खोलीला छत आहे आणि तळ आहे. देशातला भाव या दोहोंच्या मध्ये हवा तसा हलतो.

छत म्हणजे परदेशी रुई आयात शुल्क भरून गिरणीत पोचते तो भाव. २ फेब्रुवारी २०२१ पासून कापसावर एकूण ११ टक्के आयात शुल्क बसलं. वरच्या उदाहरणात ५४,३०० वर ११ टक्के चढवले की खंडी ६०,३०० होते, किलोला १७० रुपये. तोच उलटा हिशेब पुन्हा केला तर जिनिंगवाल्याची मर्यादा ६,९७८ वरून ७,५५६ वर जाते. म्हणजे या भावपातळीवर ११ टक्के शुल्काचा अर्थ शेतकऱ्याच्या क्विंटलमागे पावणेसहाशे रुपये.

तळ म्हणजे आपली रुई परदेशी विकली तर हातात उरतील तेवढे पैसे. बांगलादेशातल्या चट्टोग्राम बंदरात ७७ सेंट मिळत असतील आणि भाडं-हाताळणीचे पाच सेंट जात असतील, तर इथे ७२ सेंट उरतात, खंडीला सुमारे ५०,८००. देशातला भाव याच्याही खाली घसरला की निर्यातदार माल उचलायला लागतात आणि घसरण थांबते. भाव छताला लागला की गिरण्या परदेशी सौदे करतात आणि चढण थांबते.

सरकार शुल्क काढतं तेव्हा छत एका रात्रीत खाली येतं. १४ एप्रिल २०२२ ला ते काढलं आणि सवलत ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत राहिली. त्या वर्षी मे महिन्यात खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली होती, गिरण्या बंद पडायच्या बेतात होत्या, आणि शेतकऱ्याकडे कापूस फारसा उरला नव्हता; तेव्हा तो निर्णय समजण्यासारखा होता. १९ ऑगस्ट २०२५ ला शुल्क पुन्हा काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. विदर्भात ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा, सर्वांत चांगला कापूस बाजारात येण्याचा काळ. नेमकं तेव्हाच छत खाली आलेलं होतं. गिरण्यांची अडचण खरी होती, त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं. पण एका उद्योगाला दिलेल्या आधाराचं ओझं साखळीत कोणावर पडतं हे त्या तारखांवरून स्पष्ट दिसतं.

आता हमीभाव या खोलीत कुठे बसतो ते पाहा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१०. ८,११० ने कापूस घेऊन वरचाच खर्च धरला, तर रुई खंडीला ६६,००० च्या पुढे पडते. छत ६०,३०० वर असताना ६६,००० ची रुई कोण घेणार? म्हणूनच अशा वर्षी खाजगी जिनिंगचे दरवाजे अर्धवट उघडे राहतात आणि १९७० साली स्थापन झालेलं भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, सर्वांत मोठा खरेदीदार होतं. सीसीआय त्याच जिनिंगांकडून करारावर रुई काढून घेतं, गाठी स्वतःकडे ठेवतं आणि वर्षभर लिलावाने विकतं. तोटा सरकार भरतं. शेतकऱ्याला आधार मिळतो, तो मिळायलाच हवा. पण सीसीआयने आज गाठीला काय भाव काढला, हीच मग देशातल्या बाजाराची दिशा होते, आणि जिनिंगवाला व्यापारी न राहता भाड्याने रुई काढून देणारा कारागीर होतो.

महाराष्ट्राने हे छत-तळ एकदा कायद्याने बाजूला सारून पाहिलं होतं. १९७२ साली एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, राज्यात कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा. बाहेर भाव चढला की यवतमाळ जिल्ह्यातला कापूस पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे निघायचा, बाहेर उतरला की शेजारच्या राज्यांतला इकडे यायचा. योजनेच्या वाट्याला बहुतेक वेळा महाग कापूसच आला. भावाला भिंत घालता येते, पण मग सगळ्या बाजूंनी घालावी लागते.

समोर कोण उभं आहे

विदर्भाचा कापूस जगाच्या बाजारात आज उतरलेला नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. पण तोवर युद्ध संपून अमेरिकी कापूस परत आला होता आणि भाव खाली आले होते. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरात काढली, कारण कापूस इथे होता. गाठी मुंबईला न्यायचा आणि कापड परत आणायचा खर्च वाचत होता. जागेचा फायदा हाही स्पर्धेतला एक पत्ता असतो, आणि तो दीडशे वर्षांपूर्वी इथे खेळला गेला होता.

आजचा मोठा प्रतिस्पर्धी ब्राझील. २०२३-२४ च्या हंगामात त्याने अमेरिकेला मागे टाकून रुईच्या निर्यातीत पहिला नंबर घेतला. तिथल्या माटो ग्रोसो राज्यात सोयाबीन काढून लगेच त्याच जमिनीत कापूस पेरतात, हजारो हेक्टरांच्या शेतांवर, वेचणी यंत्राने. तिथे हेक्टरी अठराशे-एकोणीसशे किलो रुई निघते. भारताची सरासरी साडेचारशेच्या आसपास, आणि आपली कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, त्याहूनही खाली. किलोमागचा खर्च तिथेच ठरून जातो.

पण उत्पादकतेपेक्षा गिरणीवाल्याला एक वेगळी गोष्ट जास्त मोहात पाडते. अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये प्रत्येक गाठीला स्वतःचा क्रमांक असतो आणि प्रत्येक गाठीचा नमुना 'एचव्हीआय' यंत्रावर तपासलेला असतो: धाग्याची लांबी, ताकद, जाडी, रंग, कचरा. गिरणीचा माणूस संगणकावर बसून ठरवतो की उद्याच्या घाणीत, म्हणजे एकत्र मिसळायच्या गाठींत, कोणत्या ४० गाठी लावायच्या. आपल्याकडे १०० गाठींच्या लॉटमधून काही नमुने काढतात आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज. लॉटच्या आत एक गाठ २९ मिलिमीटरची, शेजारची २७ ची निघाली तर सूत जागोजागी तुटतं आणि यंत्र थांबतं. गिरणी हा धोका भावातून आधीच कापून घेते.

आपल्या बाजूनेही काही आहे. ब्राझीलची गाठ यायला दीड महिना लागतो, तेवढे दिवस पैसा अडकतो, डॉलरची जोखीम राहते आणि सौदा मोठाच करावा लागतो. यवतमाळहून ट्रक तीन-चार दिवसांत दक्षिणेतल्या गिरणीत पोचतो, शंभर गाठींचाही सौदा होतो. लहान गिरणीसाठी हा फार मोठा दिलासा असतो. शिवाय आपला कापूस हाताने वेचलेला आणि डबल रोलर जिनवर काढलेला असतो. तिकडच्या सॉ जिनमध्ये दातेरी चकत्या रुई ओढून तोडतात. वेग प्रचंड, पण धाग्याला मार बसतो. डबल रोलरमध्ये चामड्याचे दोन रूळ रुई धरून नेतात, स्थिर पातं रुळावर दाबलेलं असतं आणि वर-खाली हलणारं पातं सरकी मोकळी करतं. वेग कमी, पण धाग्याची लांबी टिकते. ही यंत्रं नागपुरात बनतात आणि आफ्रिकेतल्या देशांतही जातात. म्हणजे मुळात आपल्या मालाची प्रत चांगली असायला हवी. मग ती जाते कुठे?

एक पांढरी दोरी

खताचं रिकामं पोतं घ्या आणि त्याच्या तोंडाशी बोट फिरवा. प्लॅस्टिकची एक चपटी पांढरी दोरी सुटून हातात येते. अशाच पोत्यात वेचलेला कापूस भरला, पाय देऊन दाबला, की तशा दोन-चार दोऱ्या कापसात राहतात. पांढऱ्यात पांढरं, कोणाला दिसत नाही. जिनच्या पात्याखाली तिचे तुकडे होतात. गिरणीतल्या रुई विंचरणाऱ्या कार्डिंग यंत्रावर एकेका तुकड्याचे केसासारखे डझनभर धागे सुटतात आणि सुतात पिळले जातात. कापड विणून होतं, तरी कोणाला काही कळत नाही. मग कापड गडद निळ्या रंगात बुडवतात. सूत रंग घेतं, प्लॅस्टिक घेत नाही. निळ्या कापडावर पांढऱ्या रेघोट्या उमटतात आणि अख्खं थान परत येतं.

म्हणून गिरण्या सुरुवातीलाच कॅमेरा लावलेली महागडी यंत्रं बसवतात. परका धागा दिसला की हवेचा झोत त्याला उडवून लावतो. त्याबरोबर मूठभर चांगली रुईही जाते. या सगळ्याचा खर्च कोणाच्या भावातून कापला जात असेल, हे सांगायला नको. गिरण्यांच्या जागतिक पाहण्यांत अशा भेसळीसाठी भारतीय कापसाचं नाव वर्षानुवर्षं वरच्या रांगेत राहिलं आहे. केंद्र सरकारने २००० साली तंत्रज्ञान मोहीम काढली, जिनिंगांत सिमेंटची अंगणं झाली, कन्व्हेअर आले, 'कस्तुरी कॉटन भारत' हा शिक्काही आला. जिनिंगच्या फाटकाच्या आतलं काम बरंच सुधारलं. दोरी मात्र फाटकाच्या बाहेरून येते.

उपाय साधे आहेत आणि जवळजवळ फुकट आहेत. वेचणीला सुती ओटी, भरायला जुन्या सुती लुगड्याच्या नाहीतर चादरीच्या झोळ्या. बांधायला प्लॅस्टिकची सुतळी नको. डोक्याला रुमाल, कारण केसही सुतात जातात. खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पन्न्या धुऱ्यावरच (बांधावरच) ठेवायच्या. कापसात सापडणाऱ्या परक्या वस्तूंत त्या हमखास असतात. वेचणी झाडाच्या खालच्या बोंडापासून वर न्यायची. वरून सुरुवात केली तर हात लागून वाळका पाला खालच्या उमललेल्या बोंडांवर पडतो आणि तिथे चिकटतो. दव वाळल्यावर, नऊ-दहानंतर वेचणी सुरू करायची. अर्धं उमललेलं बोंड ओढायचं नाही, कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेगळी ठेवायची. मजुरी किलोवर असली की वेचणारीला हे करायला वेळ परवडत नाही. स्वच्छ वेचणीला किलोमागे रुपया-दोन रुपये जास्त दिल्याशिवाय हे होणार नाही, आणि तो रुपया शेतकऱ्याने आपल्याच भावात मागून घ्यायचा असतो.

ओलाव्याचं गणित याच जातीचं. सीसीआय ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देतं, त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कापतं आणि १२ च्या वर घेत नाही. ८,११० च्या भावात १२ टक्के ओलावा म्हणजे क्विंटलला ३२४ रुपये गेले. खाजगीत मीटर लावत नाहीत, मूठ दाबून पाहतात आणि कापायचं ते कापतात. ओला कापूस रुळाला गुंडाळतो, जिनचा वेग पडतो. गंजीत तो आतून तापतो, रुई पिवळी होते, सरकीतलं तेल खवट होतं. उलट फार वाळलेला कापूस जिनवर घेतला तर धागा तुटतो. म्हणून चांगली जिनिंग उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत कापसावर हलकी वाफ किंवा तुषार सोडते. वजन वाढवायला पाणी मारणं आणि धागा वाचवायला ओलावा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीमुळे दुसरीवरचाही विश्वास उडाला आहे.

तिसरी गोष्ट मायक्रोनेअर. एक इंच धाग्याचं वजन मायक्रोग्रॅममध्ये किती, असं ढोबळमानाने समजा. ३.५ ते ४.९ चालतं, ३.७ ते ४.२ उत्तम. पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कापूस सहसा या पट्ट्यात बसतो. फरदडीचा, म्हणजे पाणी देऊन पुन्हा धरलेल्या पऱ्हाटीचा, धागा कच्चा राहतो आणि आकडा ३.५ च्या खाली येतो. सुतात बारीक गुठळ्या पडतात, रंग डागाळतो. फरदडीने गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत जागा मिळते ते वेगळंच. शेवटच्या वेच्याचे चार क्विंटल पहिल्या वेच्याच्या वीस क्विंटलांत मिसळले की त्या चाराचा भाव वाढत नाही, विसाचा पडतो.

बाजूने येणारे धक्के

कापसाच्या किमतीचा तीसएक टक्के भाग सरकीचा आहे, हे विसरलं जातं. सरकीतून नऊ-दहा टक्के तेल निघतं, बाकी मुख्यतः ढेप, म्हणजे जनावरांचं खाद्य. तेलाची गाठ मलेशिया-इंडोनेशियाच्या पामतेलाशी. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क २७.५ टक्क्यांवर नेलं, मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ वर आणलं. त्याचा धक्का तेलघाणीतून सरकीला आणि सरकीतून कापसाला लागतो. ढेपेची गाठ दुधाच्या भावाशी आणि मक्यापासून इथेनॉल करताना उरणाऱ्या स्वस्त पशुखाद्याशी.

दुसरा धक्का पॉलिस्टरचा. जगातल्या एकूण तंतूंत कापसाचा वाटा आता पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे, निम्म्याहून जास्त जागा पॉलिस्टरने घेतली आहे. शंभर रुपये किलोच्या आसपासचा पॉलिस्टर धागा समोर असताना रुई १७० वर गेली की गिरणी मिश्र सुताकडे वळते. पूर्वी कृत्रिम तंतूंवर १८ टक्के जीएसटी होता आणि कापसावर ५. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हीकडे ५ झाला. गिरण्यांच्या दृष्टीने ते रास्तच आहे. पण कापसाला असलेली एक आडोशाची भिंत गेली.

एकाचा पक्का माल, दुसऱ्याचा कच्चा

जिनिंगवाल्याची रुई हा गिरणीचा कच्चा माल, गिरणीचं सूत हा विणणाऱ्याचा कच्चा माल, कापड हा शिवणाऱ्याचा. सुताच्या खर्चात साठेक टक्के रुईचे असतात, म्हणून गिरणीला रुई स्वस्त हवी, शुल्क नको. जिनिंगवाल्याला आणि शेतकऱ्याला शुल्क हवं. विणणाऱ्याला सुताची निर्यात थांबावी असं वाटतं, गिरणीला ती वाढावी असं. 'वस्त्रोद्योगाला आधार' असं एका शब्दात म्हणतात, तेव्हा साखळीतल्या कोणाला, हे विचारायलाच हवं.

जगाच्या बाजारात हीच ओढाताण देशादेशांत चालते. बांगलादेश आपलं सूत आणि रुई घेतो, कपडे शिवतो आणि अतिअल्पविकसित देश म्हणून युरोपात विनाशुल्क विकतो. त्याने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय सुताची जमिनीच्या मार्गाने होणारी आयात बंद केली, तेव्हा सुताला समुद्रमार्गे लांबचा वळसा पडला. शेतकऱ्यांना भरपूर अनुदान देणाऱ्या अमेरिकेशी ब्राझील २००२ पासून जागतिक व्यापार संघटनेत भांडला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तंटा मिटवला. भाव जगाचा असला तरी तो सगळ्यांसाठी सारख्या नियमांनी बनत नाही.

अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र पार्क, म्हणजे केंद्राच्या योजनेतलं वस्त्रोद्योग संकुल, होत आहे; सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा कोनशिला समारंभ झाला. रुई इथेच सूत, कापड, कपडा होऊन गेली तर मोलाचा मोठा हिस्सा इथे राहील, हे खरं. मात्र सूतगिरणीत रुईनंतरचा मोठा खर्च विजेचा. विजेचा दर आणि कुशल माणसं या दोन बाबतींत तमिळनाडू-गुजरातच्या बरोबरीला आल्याशिवाय केवळ कापूस जवळ असणं पुरणार नाही. एम्प्रेस मिलच्या काळात वाहतूक महाग होती, म्हणून जवळ असण्याला तेवढी किंमत होती.

शंभर गाठींचा लॉट

गावाच्या पातळीवर करता येण्यासारखं एक काम आहे, ते आकड्यांत मांडतो. गिरणीशी थेट बोलायला किमान १०० गाठींचा एकसारखा लॉट लागतो. १०० गाठी म्हणजे १७,००० किलो रुई, ३४ च्या उताऱ्याने ५०० क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल आणि त्यातला फक्त पहिल्या दोन वेच्यांचा घ्यायचा म्हटलं तर दीडशे एकर. एवढी पऱ्हाटी एका मध्यम गावात असते. अट एकच: त्या दीडशे एकरांत एकच वाण, किंवा धाग्याची लांबी जुळणारे फार तर दोन. हे मे महिन्यातच ठरावं लागतं, बियाण्याची थैली फोडल्यावर नाही.

शेतकरी उत्पादक कंपनीने कापूस गोळा करताना प्रत्येक गाडीचा ओलावा मीटरवर मोजायचा, १० च्या वरचा वेगळा वाळवायचा. जिनिंग भाड्याने घ्यायची, पण आपला कापूस चढण्याआधी कन्व्हेअर, जिनची खोली आणि प्रेसची पेटी झाडून घ्यायची. नाहीतर पहिल्या पाच-सात गाठींत आदल्या मालाची मिसळ येते. गाठ सुती कापडात बांधायची, प्रत्येकीवर क्रमांक टाकायचा, प्रत्येकीतून नमुना काढून त्यावर तोच क्रमांक. नागपुरात 'सिरकॉट' या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. जिनची पाती किती दाबायची, रूळ कधी खरवडायचे हे तिथे शिकवतात. रूळ गुळगुळीत झाले की रुई धरत नाहीत, आणि पातं जास्त दाबलं की सरकी फुटून तिचे तुकडे रुईत येतात. पहिल्या तासाची रुई हातात घेऊन हे दोन्ही पाहता येतं.

फायदा किती? स्वच्छ, तपासलेल्या लॉटला खंडीमागे दीड हजार जादा मिळाले असं धरा. १०० गाठी म्हणजे जवळपास ४८ खंड्या, म्हणजे ७२ हजार रुपये, क्विंटलमागे १४४. आता दुसरी बाजू. ५०० क्विंटल कापसाला ७,५०० च्या भावाने साडेसदतीस लाख लागतात. १२ टक्क्यांनी त्याचं महिन्याचं व्याज ३७,५०० रुपये, क्विंटलमागे ७५. म्हणजे दोन महिने गाठी पडून राहिल्या की सगळी जादा कमाई व्याजात गेली. अशा प्रयोगांचं इथेच बिनसतं: माल चांगला होतो, भाव चढेल म्हणून थांबतात, चुकारे, म्हणजे शेतकऱ्यांचे पैसे, लांबतात, आणि पुढच्या वर्षी शेतकरी गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याच्या रोखीकडे परत जातो.

म्हणून गिरणीचा शोध कापूस गोळा करण्याआधी घ्यायचा. शंभर गाठी पुऱ्या होईपर्यंत तपासणीसाठी थांबायचं नाही. पहिल्या वीस गाठींचे नमुने लगेच प्रयोगशाळेत द्यायचे आणि अहवाल तीन-चार गिरण्यांना पाठवून बोलणी सुरू करायची. उरलेल्या ऐंशी बांधून होईपर्यंत सौदा ठरलेला असतो, आणि ट्रक भरला की त्याच आठवड्यात चुकारे करता येतात.